आता क्रॉसिंग कुणाशी?

(रेल्वेचं वेळापत्रक आखणाऱ्या साहेबांना, भिलवडी स्टेशनहून एका पासधारक बाईचं खुलं पत्र)

साहेब,

स.न.वि.वि.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. संध्याकाळची मिरजेहून निघालेली आमची डेमू, म्हणजे प्रत्येक स्टेशनाला थांबणारी गाडी, नांद्रे स्टेशनात शिरली ती कडेच्या लूप लाईनला, आणि उभी राहिली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. डब्यात पंखा बंद, खिडकीतून डास आत. पुढचं स्टेशन भिलवडी, म्हणजे माझं घर. मध्ये फक्त येरळेचा पूल. "क्रॉसिंग हाय जणू," कुणीतरी नेहमीप्रमाणे म्हणालं, म्हणजे समोरून गाडी येणार, तिला वाट द्यायची. खिडकीशी एक आजोबा बसले होते. त्यांनी मान बाहेर काढून दोन्ही बाजूंना नीट बघितलं, मान आत घेतली आणि विचारलं, "दोन रूळ टाकलं न्हवं आता? एक जायाला, एक यायाला. मग क्रॉसिंग कुणासंगं?"

डब्यात हशा पिकला. हसणं ओसरायच्या आत शेजारून एक एक्सप्रेस धाडधाड निघून गेली. समोरून आलेली नव्हे, आमच्याच मागून आलेली, आमच्याच दिशेला जाणारी. आजोबांना उत्तर मिळालं. क्रॉसिंग संपलं, आता आमची पाळी आली ती वाट सोडायची.

हे पत्र त्या आजोबांच्या प्रश्नापायी लिहितेय. तुम्हाला साहेब म्हणतेय, पण बाईसाहेब असाल तर आणखी बरं. सकाळी डबे भरून, नळाचं पाणी भरून गाडी गाठायची म्हणजे काय, ते तुम्हाला वेगळं सांगावं लागणार नाही.

मी मिरजेत एका दवाखान्याच्या हिशेबखात्यात काम करते. बावीस वर्षं झाली, पास काढून जाते-येते. भिलवडी, नांद्रे, माधवनगर, सांगली, विश्रामबाग, मिरज. ही नावं मला देवळातल्या आरतीसारखी पाठ आहेत, झोपेत एखादं गाळलं तर जाग येईल. माझे वडील याच रुळावरून उलट्या दिशेला जायचे, किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात. तेव्हा एकेरी लाईन होती. मला लहानपणी स्टेशनवर नेलं की ते एक गंमत दाखवायचे. स्टेशनमास्तरांचा माणूस हातात वेताचं मोठं कडं घेऊन फलाटाच्या टोकाला उभा राहायचा, कड्याला चामड्याची पिशवी आणि पिशवीत लोखंडी गोळा. गाडी हळू व्हायची, ड्रायव्हर हात बाहेर काढून ते कडं अलगद खांद्यात अडकवून घ्यायचा आणि आपल्याजवळचं खाली टाकायचा. वडील सांगायचे, "तो गोळा ज्याच्याकडं, रस्ता त्याचा. दुसऱ्याला शिरायची परवानगी नाही." एकेरी लाईनचा सगळा कायदा त्या गोळ्यात होता. म्हणून थांबायचं आम्हाला कधी वाईट वाटलं नाही. समोरून गाडी येतेय, रूळ एकच आहे, मग कुणीतरी थांबायलाच हवं. आज आम्ही, उद्या ते.

मग डबल लाईनचं काम निघालं. पुणे ते मिरज, २७९ किलोमीटर. वर्षानुवर्षं आम्ही ते खिडकीतून बघितलं. मुरमाचे ढीग, पुलांचे नवे खांब, विजेच्या तारा. मेगाब्लॉकच्या दिवसांत गाड्या रद्द झाल्या, तेव्हा आम्ही वडापच्या जीपमध्ये चौदा-चौदा जण कोंबून गेलो. कुणी मोर्चा काढला नाही. आमचंच काम चाललंय म्हणून गप्प बसलो. एकदा दुसरा रूळ पडला की थांबणं संपणार, असं सगळ्यांनीच धरलं होतं. टप्प्याटप्प्यानं आमच्या बाजूला दुसरा रूळ पडला, वरून वीज आली. गाड्या धावायलाही लागल्या. आमची सोडून.

मला तुमच्या कामातलं सगळं कळतं असं नाही, पण बावीस वर्षांत गार्डसाहेबांशी, स्टेशनमास्तरांशी बोलून थोडं समजलंय. एकेरी लाईनवर अडचण समोरून येणाऱ्या गाडीची. दुहेरीवर अडचण मागून येणाऱ्या गाडीची. वेगवान गाडी मागे आली की पुढची हळू गाडी लूपला टाकायची, तिला जाऊ द्यायचं आणि मग हिला सोडायचं. कुणाला आधी सोडायचं याचा क्रम ठरलेला. वंदे भारत, मग सुपरफास्ट, मग मेल-एक्सप्रेस, मग आम्ही. कधी तर मालगाडीसुद्धा आमच्या आधी निघते. एवढी अवजड गाडी थांबवून पुन्हा हलवायची म्हणजे किती वेळ जातो, हे कारण मला स्टेशनमास्तरांनीच सांगितलं. मला ते पटलंही. मालगाडीत साखर असेल, खत असेल, ते कुणाला तरी हवंच आहे. पण साहेब, सकाळी साडेआठला नांद्र्याजवळ आमच्या गाडीत बाराशे माणसं उभी असतील तर त्यांना हलवायलाही वेळ लागतो. त्यांचा हजेरीचा शिक्का कुठेतरी पडायचा असतो.

बाराशे हा आकडा मोजलेला नाही, डोळ्यांनी अंदाजलेला आहे. तुमच्याकडे खरा असेल. नसेल तर तीच खरी तक्रार समजा.

कारण तुमच्या वक्तशीरपणाच्या हिशेबाबद्दल मला एक गोष्ट उशिरा कळली, आणि कळल्यावर दोन दिवस मी चिडून होते. गाडी वेळेवर आहे की नाही ते शेवटच्या स्टेशनावर बघतात. मधल्या स्टेशनांवर ती कितीही उशिरा आली, तरी शेवटी वेळेत टेकली की कागदावर ती वेळेतच. आणि ती वेळेत टेकावी म्हणून शेवटच्या टप्प्यात ढिली मिनिटं भरून ठेवलेली असतात. एरवी जे अंतर दहा मिनिटांत कापलं जातं, त्याला शेवटी वीस-पंचवीस मिनिटं लिहिलेली सापडतात. आता माझं कोडं सुटलं. विश्रामबागला उतरणारी पोरं रोज उशिरा पोहोचतात आणि तीच गाडी मिरजेला रोज वेळेवर जाते, हे कसं? तर असं. विलिंग्डन कॉलेज १९१९चं, वालचंद कॉलेज १९४७चं, दोन्ही विश्रामबागेत. म्हणजे कित्येक पिढ्यांची पोरं इथं शिकायला येतायत, आणि रेल्वेच्या वक्तशीरपणाच्या वहीत त्यांच्यासाठी रकानाच नाही. मधल्या स्टेशनाला उतरणारा माणूस हिशेबात उशिरा येऊच शकत नाही, कारण तो हिशेबातच नाही.

आमच्या गाडीत कोण असतं ते सांगते.

किर्लोस्करवाडीला पहिल्या पाळीचे कामगार उतरतात, तिथूनच दुसरे चढतात. आमनापूर-भिलवडीच्या भाजीवाल्या मावश्या पाट्या घेऊन दारातच बसतात. कृष्णाकाठची वांगी, मेथी, कोथिंबीर, हिरवी मिरची. त्यांच्या पाट्या सांगलीला पोहोचल्या नाहीत तर सांगलीत भाकरी-वांगं होणार नाही असं त्या स्वतःच म्हणतात, आणि मला ते खोटं वाटत नाही. नांद्र्याला नर्सिंगच्या पोरी चढतात, मिरजेला दवाखान्यांत जाणाऱ्या. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. डॉक्टर वानलेस यांनी तिथं १८९४ साली रुग्णालय उभं केलं, तेव्हापासून सातारा-सांगलीपासून पार विजापूरपर्यंतची माणसं मिरजेचीच वाट धरतात. त्यामुळे सकाळच्या गाडीत रोज दोन-चार तरी पेशंट असतात. एक्स-रेची पिवळी पाकिटं, डब्यात पेज, सोबत गोंधळलेला मुलगा. सांगलीला हळदीच्या पेढीवर जाणारे हमाल उतरतात. त्यांच्या कपड्यांची हळद सीटला लागते आणि संध्याकाळी आमच्या साड्यांना. मिरजेच्या पुढे कोल्हापूरच्या बाजूला गेलात तर जयसिंगपूर, हातकणंगले, रुकडी, आणि गूळ मार्केट नावाचं स्टेशनही आहे. माणसं एकाच जातीची. तिकडच्यांचं दुखणं मात्र खरोखर क्रॉसिंगचं. मिरज-कोल्हापूर हे ४८ किलोमीटर अजून एकेरीच आहे. त्यांच्या वाटेला आम्ही बोट लावत नाही, त्यांच्या दुसऱ्या रुळाचं बघा म्हणजे झालं.

तर हे असं सगळं असताना रेल्वेच्या भाषेत आम्ही 'उपनगरीय' नाही. उपनगर म्हणजे मुंबई, कोलकाता, चेन्नई. २०१७ साली स्थानकांची नव्यानं वर्गवारी झाली. उपनगरीय स्थानकं वेगळी, बिगर-उपनगरीय वेगळी, हॉल्ट वेगळे, आणि प्रत्येकात माणसं आणि उत्पन्न बघून वरचा-खालचा क्रम. आमची लहान स्थानकं बिगर-उपनगरीयांच्या तळाशी, कुठे नुसता हॉल्ट. तिथं रेल्वेचा माणूस नसतो, कमिशनवर तिकीट विकणारा गावातलाच कुणीतरी असतो. मोठ्या स्थानकांवर फलाट डब्याच्या पायरीला येतो, इथं कित्येक ठिकाणी तो रुळाच्या बरोबरीला. साडी सावरत, पाटी डोक्यावर, एक पाय खडीत आणि एक पाय पायरीवर. माझ्या आईनं सत्तरी ओलांडल्यावर रेल्वे सोडली ती गुडघ्यांमुळे नव्हे, फलाटामुळे.

आता एक गंमत सांगते. सांगलीत 'स्टेशन चौक' नावाचा चौक आहे. बाहेरगावचा माणूस रिक्षावाल्याला स्टेशन सांगतो आणि रिक्षावाला हसून विचारतो, "चौक का गाडी?" कारण चौकात स्टेशन नाही. एके काळी होतं. १९०७ साली सांगली संस्थानानं मिरजेपासून सांगलीपर्यंत स्वतःचा मीटरगेजचा फाटा टाकला. पाचेक मैलांचा. पाच मैल, साहेब! त्यात ना मुंबई होती ना पुणे. सांगलीच्या माणसाला मिरजेला जाता यावं आणि मिरजेच्या माणसाला सांगलीला यावं, एवढ्यासाठी एका छोट्या संस्थानानं रूळ टाकले. याला लोकल म्हणायचं नाही तर काय म्हणायचं? तिकडे कोल्हापूरला शाहू महाराजांच्या कारकिर्दीत १८९१ साली मिरजेपर्यंत रेल्वे आली, तीही संस्थानाच्या पैशानं. पुढे सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ब्रॉडगेज झालं, मुख्य लाईनच सांगलीच्या कुशीतून नेली, नवं स्टेशन झालं, चौकात फक्त नाव उरलं. ब्रॉडगेज झालं ते चांगलंच झालं, त्याबद्दल तक्रार नाही. पण शंभर वर्षांपूर्वीच्या राजाला जे दिसत होतं, की सांगली-मिरज हा एकच संसार आहे, ते आज वेळापत्रकात दिसत नाही. १९९८ साली सांगली, मिरज आणि कुपवाडची एक महापालिका झाली. पाणीपट्टी एक, घरपट्टी एक, महापौर एक. आणि या एका शहराच्या पोटात रेल्वेची तीन स्टेशनं असूनही एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायला माणूस रिक्षा बघतो, कारण पुढची गाडी कधी येईल त्याची खात्री नाही.

साताऱ्याच्या बाजूचे लोक तर याहून वाईट भोगतात. सातारचं स्टेशन माहुलीला, कराडचं ओगलेवाडीला. गाडी वेळेवर आली तरी गावात पोहोचायला पुन्हा रिक्षा, आणि गाडी रात्री उशिरा आली तर रिक्षाही नाही. गावापासून लांब स्टेशन असेल तर गाडीची वेळ जास्त पक्की हवी, असा माझा साधा हिशेब आहे. कोरेगाव, रहिमतपूर, तारगाव, मसूर इथल्या माणसांनाही तोच विचारा.

कारखाने मात्र रुळाला चिकटून आले. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडलच्या माळावर जागा दिली. निवडुंगानं आणि सापांनी भरलेला माळ, पण जवळ स्टेशन होतं, कुंडल रोड. त्याचं पुढे किर्लोस्करवाडी झालं. आमच्या भिलवडीचं दूध-लोणी याच रुळावरून मुंबईला जायचं, म्हणून तर गावापासून लांब, स्टेशनाच्या अंगाला दुसरी वस्ती वसली. आज पत्त्यात लोक भिलवडी वेगळं लिहितात आणि भिलवडी स्टेशन वेगळं. शेणोलीला ७ जून १९४३ रोजी प्रतिसरकारच्या तुफान सेनेनं इंग्रजांची पगाराची गाडी अडवली, तिथं आज स्मारक आहे. डब्यातले जुने लोक शेणोली आली की नव्या पोरांना ते सांगतात. परवा एक पोरगं म्हणालं, "आजोबा, तेव्हा गाडी लुटायला थांबवावी लागली. आता आपसूकच थांबते." मी हसले, पण विचार करा, साहेब, कुठल्या गाडीचे विनोद होतात? जिच्यावर लोकांचा जीव असतो आणि भरवसा नसतो, तिचे.

भाड्याचं बोलू नये असं ठरवलं होतं, पण बोलते. करोनात मार्च २०२०मध्ये गाड्या बंद झाल्या, ते योग्यच होतं. परत सुरू झाल्या तेव्हा त्याच डब्यांना, त्याच वेगाला, त्याच थांब्यांना 'स्पेशल' म्हणायला लागले. नंबराच्या पुढे शून्य लागलं आणि दहाचं किमान तिकीट तीस रुपयांचं झालं. गाडीत स्पेशल काय होतं ते आम्ही शोधत राहिलो. २०२४च्या फेब्रुवारीत पुन्हा दहा रुपये झाले, त्याबद्दल मनापासून आभार. मधल्या काळात मात्र बरीच माणसं दुचाकीवर गेली ती परत आली नाहीत. इकडे एसटीनं मार्च २०२३पासून बायकांना निम्मं तिकीट केलं, पंचाहत्तरीच्या पुढच्यांना तर त्याआधीच फुकट. आणि रेल्वेनं ज्येष्ठांची सवलत २०२०ला काढली ती काढलीच. तरीसुद्धा हिशेब घातला तर महिन्याचा पास एसटीच्या निम्म्या तिकिटापेक्षाही स्वस्त पडतो. म्हणजे लोक गाडी सोडतात ते पैशांमुळे नव्हे. स्वस्त वस्तू लोक सोडून देत असतील, तर तिच्यात काहीतरी बिघाड आहे एवढं तरी मान्य करा. बिघाड घड्याळाचा आहे.

आमच्या डब्यात एक मुलगी यायची. पलूसच्या बाजूच्या एका खेड्यातली, मिरजेत लॅबमध्ये कामाला. हुशार पोरगी, आम्हा सगळ्यांचे शुगरचे रिपोर्ट तीच वाचून दाखवायची. संध्याकाळची गाडी अर्धा-पाऊण तास लेट व्हायला लागली की भिलवडीहून तिच्या गावचं शेवटचं वडाप निघून जायचं. मग बापानं गाडी घेऊन यायचं, अंधारात, ऊसतोडीच्या दिवसांत रस्त्यावर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांची रांग. महिन्यातून दोनदा झालं, चारदा झालं, मग घरचे म्हणाले बास. तिनं नोकरी सोडली. तिच्या जागी मिरजेचाच एक मुलगा लागला. तुमच्या कुठल्याच नोंदीत ही गोष्ट येणार नाही. त्या दिवशीही गाडी शेवटच्या स्टेशनाला वेळेतच टेकली असेल, काय सांगावं.

यावर मला ठरावीक उत्तरं मिळतात. एक, लांबच्या गाड्यांना उशीर करून चालत नाही. कबूल. पण वंदे भारत आमच्या मार्गावर सप्टेंबर २०२४मध्ये आली तेव्हा तिच्यासाठी मोकळी वाट कुठून निघाली? आधीच्या गाड्या सरकवल्या, कुणाला दहा मिनिटं आधी काढलं, कुणाला नंतर. म्हणजे वाट निघते, काढणारा पाहिजे. दुसरं, डबे नाहीत, इंजिन नाहीत. तेही मी सध्या मागत नाही. तिसरं उत्तर मिरजेचं. मिरजेला चार दिशांच्या गाड्या आणि तीन ठिकाणचे कारभार एकत्र येतात. पुणे-कोल्हापूरकडचा वेगळा, पंढरपूर-कुर्डुवाडीकडचा वेगळा, बेळगाव-हुबळीकडचा तर झोनच वेगळा. एकाचं वेळापत्रक दुसऱ्याला जुळवणं अवघड. यातलं अवघडपण मी नाकारत नाही. मिरजेत एके काळी ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज अशा तिन्ही रुंदीचे रूळ होते. लोक एका गाडीतून उतरून दुसऱ्या रुंदीच्या गाडीत बोजा टाकायचे, बार्शी लाईट रेल्वेच्या त्या अडीच फुटी रुळावरून पंढरीला जायचे. रुंदीचा तेवढा मोठा तिढा सुटला. आता फक्त मिनिटांचा आहे.

आणि मनात आणलं तर रेल्वे काय करते ते आम्ही मिरजेतच बघितलंय. एप्रिल २०१६. लातूर तहानलं होतं. कोट्याहून धुऊन-स्वच्छ करून टाक्यांचे डबे आले, मिरजेत कृष्णेचं पाणी भरलं, पहिली गाडी दहा डब्यांची, प्रत्येक डब्यात पन्नास हजार लिटर. म्हणजे पाच लाख लिटर. ३४२ किलोमीटरवरच्या लातूरला ती रातोरात गेली, आणि पुढे पन्नास डब्यांच्या गाड्या जायला लागल्या. आम्ही फलाटावर उभं राहून टाळ्या वाजवल्या होत्या. आमची गाडी त्या दिवशीही लेट होती, पण कुणी तोंडातून शब्द काढला नाही. तहानेच्या आधी आमचा नंबर लागू नये, हे आम्हाला कळतं. आषाढीलाही पंढरपूरच्या जादा गाड्या निघतात, त्यांच्यासाठी आम्ही बाजूला होतो, वर वारकऱ्यांना बसायला जागा करून देतो. आम्ही वाट सोडणारी माणसं आहोत, साहेब. म्हणूनच आता तुमच्याकडे वाट मागताना लाज वाटत नाही.

मागणं एकच आहे आणि ते कागदाच्या अर्ध्या पानात मावतं. सकाळी आठ ते दहा मिरजेच्या दिशेला येणारी, आणि संध्याकाळी साडेपाच ते साडेसात मिरज-सांगलीहून निघणारी पॅसेंजर किंवा डेमू लूपला टाकायची नाही. त्या चार तासांत मागची गाडी मागे राहील. दोन-पाच मिनिटं तिची जातील, ती तिला पुढे भरून काढता येतात. पुण्या-मुंबईपर्यंत तिच्याकडे रात्र पडलेली असते, आमच्याकडे शेवटचं वडाप. उरलेले वीस तास तुमचे. त्यात आम्हाला कुठेही उभं करा, नांद्र्याला करा, माधवनगरला करा, आम्ही शेंगा खात बसू.

एवढं जमलं तर दुसरी गोष्ट आपोआप जमेल. विश्रामबाग, सांगली, भिलवडी, किर्लोस्करवाडी, कराड इथल्या वेळाही वक्तशीरपणात मोजा. नुसतं शेवटचं स्टेशन नको. मी हिशेबखात्यात आहे म्हणून सांगते, जी रक्कम वहीत मांडलेलीच नसते ती कधीच वसूल होत नाही.

आम्ही काय मागत नाही तेही लिहिते, म्हणजे गैरसमज नको. वंदे भारतला भिलवडीचा थांबा नको, तिच्या तिकिटात आमचा पास निघतो. अमृत भारत योजनेत सांगली-कराडची स्टेशनं नव्यानं बांधली जातायत, छान दिसतील, पण कमानीला आमची घाई नाही. पुणे-लोणावळा लोकल १९७८पासून धावते, तशी लोकल आम्हाला उद्याच द्या असंही म्हणत नाही. कधीतरी द्यालच. तोवर जी गाडी आहे तीच, त्याच डब्यांची, दारात पाट्या ठेवलेली, फक्त थांबवू नका.

रुळाच्या बरोबरीच्या फलाटांचं मी वर लिहिलंच आहे. तेवढं तुमच्या हातात नसेल तर ज्यांच्या हातात आहे त्यांच्या टेबलावर हा कागद सरकवा. सरकारी कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाताना लूपला लागतो हे माहीत आहे, तरी.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक पासधारक
भिलवडी स्टेशन, ता. पलूस, जि. सांगली

ता. क. हे पत्र आठवडाभर गाडीतच लिहिलं, वहीच्या कागदावर. वाचणाऱ्यानं विचारलं, चालत्या गाडीत अक्षर इतकं सरळ कसं? चालत्या गाडीत लिहिलंच नाही. नांद्र्याला उभी असताना लिहायचे. या दोन ओळी मात्र वाकड्या आल्यात, कारण एक्सप्रेस गेली आणि आमची आत्ता सुटली.